सांगणाऱ्याला अभय

१ डिसेंबर १९७४, रविवारची सकाळ. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ विमान ओहायोतल्या कोलंबसहून वॉशिंग्टनला निघाले होते. शहरालगतच्या नॅशनल विमानतळावर आडवा वारा जोराचा होता, म्हणून त्याला डलेस विमानतळाकडे वळवण्यात आले. हवा वाईट होती, ढग खाली उतरले होते. नियंत्रकाने धावपट्टीकडे येण्याची परवानगी दिली. वैमानिकांनी तिचा अर्थ असा घेतला, की आता १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. वाटेत काही अडथळा असता तर नियंत्रकाने सांगितलेच असते. नियंत्रकाच्या समजुतीप्रमाणे मात्र उंची सांभाळणे हे वैमानिकाचे काम होते. दोघेही आपापल्या जागी निर्धास्त होते. व्हर्जिनियातल्या माउंट वेदरच्या उतारावर विमान आदळले आणि आतली सगळी ९२ माणसे मेली.

तपास सुरू झाल्यावर एक गोष्ट बाहेर आली. या अपघाताच्या सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. तोच विमानतळ, तीच वाट, परवानगीचा लावलेला तोच अर्थ. ते विमान डोंगरावरून थोडक्यात निसटले. त्याचे वैमानिक गप्प बसले नाहीत. युनायटेडने त्याच वर्षी आपल्या लोकांसाठी, शिक्षेची भीती न ठेवता अशा घटना कळवण्याची सोय केली होती. तिथे त्यांनी सारे सांगितले आणि कंपनीने आपल्या सर्व वैमानिकांना सावध केले. फक्त आपल्या. ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांपर्यंत ती सूचना पोचायला वाटच नव्हती.

अपघाताच्या कारणावर तपास मंडळात एकमत झाले नाही. तिघांनी वैमानिकांच्या निर्णयाला दोष दिला, दोघांनी नियंत्रकांना. हे पाच विद्वान ज्यावर भांडत होते त्यापेक्षा मला ते सहा आठवडे जास्त अस्वस्थ करतात. ९२ माणसांना वाचवू शकणारी माहिती तेव्हा जगात होती. एका चांगल्या कंपनीच्या दप्तरात होती.

यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जाहीर केले, की वैमानिकांनी आपल्या हातून झालेल्या चुका आम्हाला कळवाव्यात, आम्ही कारवाई करणार नाही. वैमानिकांचा यावर विश्वास बसला नाही. बसणार तरी कसा? ज्या खात्याच्या हातात परवाना रद्द करण्याचा अधिकार, त्याच खात्याला आपण होऊन पत्र लिहायचे? खात्याने हा अविश्वास मनाला लावून घेतला नाही. त्याने पैसे स्वतः दिले आणि काम नासाकडे सोपवले. नासाला कोणाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नाही, हीच तिची पात्रता. एप्रिल १९७६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ, कोणीही अर्ज भरून पाठवायचा. नाव असलेली वरची पट्टी फाडून, शिक्का मारून ती पाठवणाऱ्याला परत केली जाते. नासाच्या दप्तरात नाव उरतच नाही. दहा दिवसांच्या आत कळवले, चूक जाणूनबुजून केलेली नसली, गुन्हा किंवा अपघात त्यात नसला, तर दंड किंवा निलंबन होत नाही, आणि परत आलेली ती पट्टी हाच त्याचा पुरावा. आजवर असे सुमारे वीस लाख अहवाल आले आहेत. त्यातले बहुतेक न झालेल्या अपघातांचे आहेत.

कारखान्यांत अशा टळलेल्या अपघाताला 'नियर मिस' म्हणतात. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींतही त्याचे रजिस्टर असते. ते कोरे असेल तर साहेबांनी खूश व्हायचे की घाबरायचे, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून त्या कारखान्याची पारख करता येईल असे मला वाटते.

एमी एडमंडसन १९९०च्या दशकात हार्वर्डमध्ये संशोधन करत असताना याच प्रश्नाशी येऊन ठेपल्या. रुग्णालयांतल्या वेगवेगळ्या वॉर्डांत औषधे देण्यात किती चुका होतात, याचा अभ्यास चालू होता. ज्या वॉर्डात सगळ्यांचे एकमेकांशी जमते, मुख्य परिचारिका चांगली आहे, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज. आकडे आले ते उलटे: चांगल्या वॉर्डांत चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. ज्या वॉर्डात मुख्य परिचारिकेचा धाक होता तिथल्या सिस्टर आपापसांत निस्तरून मोकळ्या होत. कागदावर तो वॉर्ड स्वच्छ दिसे. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. आकड्यांवर बक्षिसे आणि बढत्या ठरवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा, कारण चुकांचा आकडा शून्यावर आणा असे वरून फर्मान निघाले, की तो आकडा लोक खरोखर शून्यावर आणून दाखवतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण आपल्या कचेऱ्यांत फार खोल मुरलेले आहे. चूक उघडी पडली की पहिला प्रश्न असतो, कोणी केले? मग मेमो, खुलासा, कारणे दाखवा नोटीस, निलंबन, चौकशी समिती. समितीचा अहवाल येईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला असतो आणि त्याच्यापुढे तीच यंत्रणा, तेच अपुरे मनुष्यबळ, तेच न वाचता येणारे हस्ताक्षर असते. खालच्या माणसावर खापर फुटते, वरच्याला सुटल्यासारखे वाटते, आणि वर्तमानपत्रात 'दोषींवर कठोर कारवाई' असा मथळा येतो. या साऱ्यात यंत्रणेला काय कळले, हे कोणी विचारत नाही.

याचे सगळ्यात जळजळीत उदाहरण बहनगा बाजारचे. २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या या स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधे मात्र बाजूच्या लूप लाइनकडे वळलेले होते. तिथे मालगाडी उभी होती. कोरोमंडल तिच्यावर आदळली, तिचे डबे शेजारच्या रुळावर पडले आणि तिकडून येणारी बंगळुरू-हावडा एक्स्प्रेस त्यांत सापडली. जवळपास तीनशे माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपास केला. हा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. ज्याची चौकशी करायची त्याच्याच हाताखाली चौकशी करणारा असू नये, एवढी समज ब्रिटिश काळापासून आपल्या व्यवस्थेत आहे. आयुक्तांना आढळले, की सिग्नलच्या तारांच्या जोडणीत आधी केलेल्या फेरफारात चूक राहून गेली होती आणि फाटकाच्या कामाच्या वेळी ती भोवली.

अहवालातली पुढची नोंद मात्र फार थोड्या लोकांच्या लक्षात राहिली. १६ मे २०२२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी, त्याच दक्षिण पूर्व रेल्वेच्या खरगपूर विभागात बांकरा नयाबाज स्थानकाजवळ चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा कोणी दगावले नाही. त्या घटनेनंतर चुकीच्या जोडण्या शोधून दुरुस्त केल्या असत्या, तर बहनगा बाजारचा अपघात झाला नसता, असे आयुक्तांनी स्वच्छ लिहिले आहे. शिवाय फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात होसदुर्ग रोड स्थानकात एक्स्प्रेस गाडी भलत्याच रुळावर चालली होती. लोको पायलटने वेळीच गाडी थांबवली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहून बजावले, की सिग्नल यंत्रणेतला हा दोष गंभीर आहे, ताबडतोब लक्ष घाला. पत्र आणि अपघात यांच्यात चार महिनेही नव्हते. अपघातानंतर सुमारे महिन्याभराने तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांचा दोष किती, ते न्यायालय ठरवील. पण दोन टळलेले अपघात आणि एक लेखी इशारा हाताशी असताना संपूर्ण रेल्वे त्यातून काही का शिकली नाही, याचे उत्तर त्या अटकांमधून मिळत नाही.

इथे एक आक्षेप येतोच, आणि तो रास्त आहे. माणसे मेली, तरी कोणाला शिक्षा नको? दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही अभय? नाही. चूक आणि बेपर्वाई यांत फरक आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी या बाबतीत एक साधी कसोटी पुढे ठेवली: तेवढ्याच शिक्षणाचा, तेवढ्याच अनुभवाचा दुसरा एखादा माणूस त्याच जागी, त्याच वेळी उभा केला असता तर त्याच्या हातून तेच झाले असते का? झाले असते, तर माणूस बदलून काही बदलणार नाही. नसते झाले, तर मग त्या माणसाकडे वळा. माझे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न आधी विचारा आणि अटक नंतर करा.

वरच्याला सांगण्याची हिंमत होत नाही याची किंमत विमानांनी फार मोजली आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफेच्या धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाणाची परवानगी नसताना निघालेल्या केएलएमच्या विमानाचा कॅप्टन कंपनीचा सर्वांत नावाजलेला प्रशिक्षक होता. पुढचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठामपणे झटकली. त्यावर पुन्हा कोणी काही बोलले नाही. पुढच्याच वर्षी पोर्टलंडवर युनायटेडचे डीसी-८ घिरट्या घालत राहिले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतलेला, इंधन संपत आलेले, आणि सोबतचे दोघे ते आडून आडून सुचवत राहिले. इंधन संपून विमान पडले, दहा जण दगावले. तपास मंडळाने यातून धडा काढला तो असा, की कॅप्टनला ऐकण्याचे आणि सहकाऱ्यांना ठणकावून बोलण्याचे शिक्षण द्या. युनायटेडने १९८१च्या सुमारास ते सुरू केले. १९८९ साली त्याच कंपनीच्या डीसी-१० विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा हवेतच गेली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाची मदत घेतली, चौघांनी मिळून केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी त्याचे श्रेय त्या शिक्षणाला दिले.

तरीही २२ मे २०१० रोजी मंगळुरूला काय झाले ते पाहा. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान हवे त्यापेक्षा फार उंचावरून धावपट्टीकडे येत होते. प्रवासाचा बराच वेळ कॅप्टन झोपलेले होते, हे कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून उघड झाले. सहवैमानिकाने तीनदा सांगितले, की उतरू नका, पुन्हा वर चला. यंत्रही इशारे देत होते. विमान उतरलेच, धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ माणसे गेली. सहवैमानिक बोलला होता! मग त्याने विमान आपल्या हातात का घेतले नाही? चौकशी न्यायालयाने कारणांमध्ये याचीही नोंद केली: सहवैमानिकाला तसे करण्याचा अधिकार देणाऱ्या निरनिराळ्या सूचनांमध्येच संदिग्धता होती. म्हणजे बोलण्याचे धाडस त्याने दाखवले; त्या बोलण्याला वजन देणारा नियम त्याच्यामागे पक्का उभा नव्हता. 'माझ्या केबिनचा दरवाजा सगळ्यांना उघडा आहे' म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाने ही नोंद वाचावी. दरवाजा उघडा असून भागत नाही. आत येऊन सांगितलेल्या गोष्टीमुळे साहेबाचा निर्णय बदलतो, असे लोकांना एकदा तरी दिसावे लागते.

शस्त्रक्रियेच्या खोलीतही हेच. डॉ. अतुल गवांदे यांचे नाव मराठी वाचकांना परके नाही. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. बोस्टनमध्ये शल्यविशारद असलेल्या अतुल गवांदे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी, विमानवाल्यांचा सल्ला घेऊन, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासायच्या १९ गोष्टींची यादी तयार केली. त्यातली एक गोष्ट फार साधी आहे: चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. भूलतज्ज्ञाने, सिस्टरने, शिकाऊ डॉक्टरनेही. एकदा तोंड उघडलेला माणूस गरज पडली तर दुसऱ्यांदा उघडतो, हा त्यामागचा विचार. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले होते.

मग कॅनडातल्या ऑन्टेरिओ प्रांताने ही यादी सगळ्या रुग्णालयांना सक्तीची केली. शंभराहून अधिक रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नव्हता. कागद मात्र जवळजवळ शंभर टक्के भरले जात होते. खुणा करणे सोपे असते. वरिष्ठ शल्यविशारदाने हातातले थांबवून सिस्टरचे ऐकणे कोणत्याही परिपत्रकाने होत नाही.

सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाची गोष्ट मी अनेकांना सांगतो. नोव्हेंबर २००४. मेरी मॅक्लिंटन या ६९ वर्षांच्या बाई मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या उपचारासाठी दाखल झाल्या. ट्रेवर तीन भांड्यांत तीन रंगहीन द्रव होते. एक क्ष-किरणात दिसणारे औषध, एक सलाइन, एक जंतुनाशक. पूर्वीचे जंतुनाशक तपकिरी असे. ते बदलून नुकतेच पाण्यासारखे दिसणारे आणले होते. भांड्यावर चिठ्ठी नव्हती. जंतुनाशक रक्तात गेले आणि बाई गेल्या. रुग्णालयाला वकिलांच्या आडोशाने गप्प बसता आले असते. प्रमुख गॅरी कॅप्लन यांनी कुटुंबाची माफी मागितली आणि काय चुकले ते जाहीर करून टाकले. या रुग्णालयाने टोयोटाकडून एक पद्धत आधीच घेतली होती: कारखान्यात कोणताही कामगार दोर ओढून काम थांबवू शकतो, तसे इथे कोणताही कर्मचारी धोका दिसला तर काम थांबवू शकतो आणि वरिष्ठांना धावत यावे लागते. ती पद्धत असूनही अपघात झाला. पण त्यानंतर लोक ती खरोखर वापरू लागले, कारण सर्वांत मोठी चूक सर्वांत वरच्या माणसाने आपल्या नावावर घेतलेली त्यांनी पाहिली होती. रोग्यांच्या सुरक्षिततेसाठी तिथे दर वर्षी मेरी मॅक्लिंटन यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. आपल्या हातून मेलेल्या रोग्याचे नाव पुरस्काराला देणारे आपल्याकडचे एक तरी रुग्णालय पाहायला मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे असे नेतृत्व झालेच नाही असे नाही. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ हे उपग्रह प्रक्षेपण यान बंगालच्या उपसागरात पडले, तेव्हा पत्रकारांसमोर इस्रोचे प्रमुख सतीश धवन बसले आणि पुढच्या वर्षी यश आले तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केले. ही गोष्ट शाळेतली मुलेही सांगतात. तिचा मागचा भाग कमी सांगितला जातो. संगणकाने उलटी मोजणी थांबवली होती आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून आपण तो अडथळा ओलांडला, हे कलाम स्वतः जाहीरपणे सांगत असत. पुढे बंद खोलीतल्या चिकित्सेत दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या झडपेतून नायट्रिक आम्ल गळाले, इथपर्यंत माग लागला. बाहेर ढाल आणि आत निर्दय तपासणी, दोन्ही हवीत. नुसती ढाल धरणारा साहेब लोकप्रिय होतो, पण यान पुन्हा पडते.

केरळमध्ये हे एका संपूर्ण राज्याच्या पातळीवर झाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चिकित्सा होते. २००४ साली केरळच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने, राज्य सरकारच्या संमतीने, तीच वाट धरली. डॉ. व्ही. पी. पैली यांनी हे काम वर्षानुवर्षे सांभाळले. मातेचे, डॉक्टरचे आणि रुग्णालयाचे नाव काढून टाकलेली कागदपत्रे तज्ज्ञांपुढे ठेवायची, काय चुकले आणि काय करता आले असते ते लिहायचे आणि निष्कर्ष सर्व डॉक्टरांसाठी पुस्तकरूपाने छापायचे. खाजगी रुग्णालयांनीही कागद दिले, कारण ते पोलिसांकडे किंवा ग्राहक मंचाकडे जाणार नाहीत याची त्यांना खात्री होती. सर्वांत जास्त बाया रक्तस्रावाने जातात हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसले. मग त्यावरच्या उपचारांची कवायत, रक्तस्राव किती झाला ते मोजण्याची शिस्त, मदतीला धावून जाणारी पथके, असे एकेक काम उभे राहिले. २००१-०३ मध्ये केरळात एक लाख जिवंत जन्मांमागे ११० माता मरत. २०१८-२० मध्ये १९. याचे सगळे श्रेय या एका उपक्रमाला देता येणार नाही; शिक्षण, रस्ते, दवाखाने, सगळ्यांचा वाटा त्यात आहे. पण आधीच देशात पुढे असलेल्या राज्याने आपल्या उरलेल्या मृत्यूंकडे डोळे उघडून पाहिले, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्र याच काळात १४९ वरून ३३ वर आला, हीही मोठीच कमाई. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्याकडेही प्रत्येक मातामृत्यूचा आढावा घ्यायचा असतो. माझी आरोग्य खात्याला विनंती आहे, की या आढाव्यांतून जे हाती लागते ते, नावे वगळून, दर वर्षी मराठीत छापा आणि मेळघाट, धडगाव, भामरागडच्या आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर आणि आशांपर्यंत पोचवा. रेल्वे मंडळाला विनंती आहे, की ब्रिटनच्या रेल्वेत १९९६ पासून आहे तशी, नाव गुप्त ठेवून धोका कळवण्याची स्वतंत्र व्यवस्था आपल्या गँगमनला, सिग्नलच्या तंत्रज्ञाला आणि लोको पायलटला द्या, आणि ती रेल्वेच्या बाहेरच्या संस्थेकडे ठेवा. आणि जे वाचक कुठे ना कुठे दहा-वीस माणसांचे साहेब आहेत, त्यांनी उद्याच्या बैठकीत एवढे विचारावे: या आठवड्यात आपण कशातून थोडक्यात वाचलो? पहिला जो बोलेल त्याचे आभार माना आणि त्याने सांगितलेली गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करा.